मोकळ्या दिसणाऱ्या जागेतला भुईचाफा

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आगेमागे आमच्या परड्यात आंब्याखालची माती एके सकाळी तडकलेली दिसते. वाकून पाहिलं की भेगेत तपकिरी-जांभळट टोक असतं, करंगळीच्या नखाएवढं. पान नाही, फांदी नाही, दांडासुद्धा नाही. दोन-चार दिवसांत त्या टोकातून फूल थेट मातीवरच उमलतं. वर दोन पांढऱ्याशुभ्र उभ्या पाकळ्या, खाली मधोमध चिरलेली फिक्या जांभळ्या रंगाची जीभ, आणि वास असा की मागच्या दाराची कडी काढल्याबरोबर कळावं. हा भुईचाफा.

कोल्हापुरात पेठेतली घरं एकमेकांना खेटलेली, आणि उपनगरात शेजारी चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं की बागेचं ऊन गेलंच म्हणून समजा. मग गुलाब रुसतो, शेवंती लांबुडकी होते, मोगऱ्याला नुसती पानंच येतात. अशा सावलीच्या परड्यासाठी मी कुणालाही आधी भुईचाफाच सुचवते. एकदा बसला की वर्षानुवर्षं तिथंच राहतो आणि ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं कोमेजलेलं असताना फुलतो. सांभाळायला अजिबात अवघड नाही. गोची एवढीच की वर्षातले चार महिने तो डोळ्यांना दिसत नाही, आणि माणसं त्याला मारतात ती नेमकी त्याच चार महिन्यांत.

आधी ओळख पटवून घ्या

मराठीत चाफे उदंड. देवचाफा, सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा. यांतल्या कुणाशीच भुईचाफ्याचं नातं नाही. तो आलं-हळदीच्या कुळातला, जमिनीखाली कंद असलेला. शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. लिनियसने १७५३ साली ते दिलं, आणि त्यातलं केम्फेरिया हे एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या नावावरून आलं. हा गृहस्थ सतराव्या शतकाच्या शेवटी जपानात राहून तिथल्या वनस्पती टिपत होता. नर्सरीत हे नाव सांगून काही उपयोग नाही, पण ऑनलाइन मागवताना नुसतं 'चाफा' म्हटलंत तर देवचाफ्याची काठी घरपोच येईल.

विकत घ्यायचा तर शक्यतो एप्रिलात, कुंडीत फूल दिसत असताना घ्या. पावसाळ्यात नुसत्या पानांवर जाऊ नका. भुईचाफ्याचं पान उभं, वीत-दीड वीत लांबीचं, वर गडद-फिकट हिरवी नक्षी आणि पाठीमागून जांभळं. पण नक्षीदार पान आणि जांभळी पाठ कॅलेथियालाही असते, आणि नर्सरीवाल्या पोराला दोन्ही 'शोची झाडं'च वाटतात. माझ्या पहिल्या खरेदीत मी अशीच दीडशे रुपयांना कॅलेथिया आणली आणि दोन वर्षं फुलाची वाट पाहिली.

कंद मिळत असेल तर आणखी उत्तम. लिंबाएवढा गोळा, त्याला जाड मुळं, आणि मुळांच्या टोकाला शेंगदाण्याहून थोड्या मोठ्या पांढुरक्या गाठी लोंबत असतात. मोडून वास घ्या, आल्या-कापराच्या मधला वास येतो. आत भगवा रंग दिसला तर ती हळद, परत द्या. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. त्या लोंबत्या गाठी म्हणजे शिदोरी. नुसती गाठ लावून काही उगवत नाही. उगवतो तो मधला गोळा, आणि त्यावरही डोळा असेल तरच. बियांच्या नादी तर लागूच नका.

जागा

भुईचाफ्याला सावली हवी, अंधार नको. हे कसं ओळखायचं? दुपारी बाराला त्या जागेवर कोरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. हाताची सावली कडक, कडा स्पष्ट दिसल्या तर ऊन जास्त आहे. सावली पडते पण कडा धूसर आहेत, ही जागा उत्तम. सावलीच दिसत नसेल तर पानं येतील, फुलाची खात्री नाही. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन चालतं, उलट बरंच. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन मात्र टाळा. पानांच्या कडा तासाभरात कागदासारख्या होतात.

आंबा, चिक्कू, नारळ, रामफळ यांच्याखाली छान येतो. फक्त बुंध्याला चिकटवून लावू नका, तीन-चार फूट अंतर सोडा, नाहीतर झाडाची मुळं त्याच्या वाटणीचं सगळं पिऊन टाकतात. घराच्या उत्तरेची भिंत असेल तर तिच्या कडेलाही चालेल. पण वर पत्रा किंवा कौलं असतील तर पागोळ्या कुठे पडतात ते बघा. आपल्याकडं जुलैत पागोळीची धार अशी लागते की वरची माती वाहून कंद उघडा पडतो. पागोळीपासून हातभर आत किंवा हातभर बाहेर, मध्ये नको.

माती, म्हणजे खरं काम

यात कोल्हापूरकरांची खरी परीक्षा. शहरात आणि नदीकाठानं आपली माती काळी, चिकण. ऊस तिच्यावर खूश असतो, भुईचाफा नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं आणि हळदीला होते तशी कंदकुज याला होते. त्यामुळे कंद आणण्याआधी दोन गोष्टी करून बघा.

पहिली, ओली माती तळहातावर चोळून वात वळा आणि वातीची अंगठी करा. अंगठी न मोडता झाली तर माती फार चिकण आहे. मोडली तर ठीक. दुसरी, जागेवर फूटभर खड्डा काढून तो पाण्यानं भरा. पहिलं पाणी जिरू द्या, मग पुन्हा भरा. चार तासांनीही तळाशी पाणी दिसलं तर त्या जागी वाफा जमिनीच्या वर उचलायलाच लागेल.

वाफा उचलायचा म्हणजे फार काही नाही. विटा किंवा दगड एकावर एक रचून एक वीत उंचीची कड करायची आणि आत नवी माती भरायची. माझं प्रमाण असं: परड्यातली माती दोन घमेली, तांबडी माती एक, चाळलेली जाडी वाळू एक आणि कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक. पन्हाळा-जोतिबाच्या माथ्यावर जांभा आहे, त्यामुळे तिकडची माती तांबडी आणि निचऱ्याची. तशीच नर्सरीत पोत्यानं मिळते, डोंगर उकरायला जाऊ नका. प्रत्येक घमेल्याला मूठभर निंबोळी पेंड घालायची. ट्रायकोडर्मा (कंदकुज रोखणारी उपयोगी बुरशी, पुडीत मिळते) मिळाला तर तो शेणखतात मिसळून, किंचित ओलं करून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवायचं आणि मग मातीत घालायचं. हळद-आलं करणारे शेतकरी हे करतातच, आपण का नाही?

शेणखत कुजलेलं म्हणजे खरंच कुजलेलं. हातात घेतलं तर शेणाचा वास येता कामा नये, पहिल्या पावसातल्या मातीचा यावा. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी, येते, आणि कोल्हापुरात हुमणी म्हणजे काय हे ऊसवाल्यांना विचारा. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, तीही तशीच. चांगली मुरलेली असेल तर घाला, ताजी घातली तर आत तापते आणि कंद भाजतो.

२०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या अंगणात पंचगंगेचं पाणी आलं, त्यांनी जमिनीत लावूच नये. दहा-बारा इंच तोंडाची, पसरट मातीची कुंडी घ्या. तळाचं भोक खापरीनं झाका, त्यावर विटांचे बारीक तुकडे दोन बोटं, मग वर सांगितलेलंच मातीचं मिश्रण. पाणी चढायला लागलं की कुंडी उचलून जिन्यावर ठेवता येते. एवढं सोपं दुसरं काही नाही.

लावण

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. कंद झोपेत असतो, तोडला-हलवला तरी त्याला कळत नाही. तो मुहूर्त हुकला तर मृगाच्या आसपास, पानाची सुरळी वर येताना लावा. मात्र त्या वर्षीचं फूल गेलं असं धरा.

कंद चार-पाच सेंटिमीटर खोल, डोळा वर, गाठी खाली मोकळ्या सोडून. दोन कंदांत एक वीत. माती हातानं दाबा, पायानं नाही. फेब्रुवारीत लावलात तर एकदाच, माती बसण्यापुरतं पाणी द्या आणि मग होळीपर्यंत विसरा.

खूण

हा मथळा लहान आहे, पण सगळ्या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा. कंद लावल्याबरोबर, हात धुवायच्या आधी, जागेची खूण करा.

आमच्याकडं तिसऱ्या वर्षी सात कंद होते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली, वाफा सपाट झाला. डिसेंबरात मी आठ-दहा दिवस गारगोटीला लग्नाला गेले. बाग बघायला येणारे मामा सासूबाईंना म्हणाले, "आक्का, हितं नुसतीच मोकळी पडल्या की जागा. मेथी टाकू का?" सासूबाईंनाही ते पटलं. मी आले तेव्हा मेथी दोन पानांवर होती आणि रोज सकाळी झारीनं पाणी चाललं होतं. एवढी हिरवीगार मेथी उपटायला माझाही जीव होईना. संक्रांतीच्या आधी जुड्या निघाल्या, भाकरीबरोबर सगळ्यांनी चवीनं खाल्ल्या. चैत्र आला, माती काही तडकली नाही. खुरप्यानं उकरलं तर कंद बोटात धरताच पिकून गळालेल्या चिक्कूसारखा फुटला आणि मोरीसारखा वास आला. सातांपैकी एक वाचला, तोही भिंतीकडेचा, जिथं झारीचं पाणी पोचत नव्हतं. आज जेवढे आहेत ते सगळे त्याचेच.

मेथीत चूक काही नव्हती. झोपलेल्या कंदाला रोजचं पाणी, ही चूक. तेव्हापासून मी प्रत्येक वाफ्याच्या चार कोपऱ्यांत कौलाचे तुकडे उभे रोवते आणि मध्ये एका कौलावर ऑइलपेंटनं लिहिते: 'खाली कंद आहे. पाणी नको.' मार्करनं लिहिलेलं एका पावसात जातं. मामा अजूनही ते वाचून हसतात.

पाणी

डिसेंबर ते फेब्रुवारी जमिनीतल्या कंदाला थेंबही नको. मुळांच्या गाठींत त्याचं पाणी साठवलेलं असतं. कुंडी असेल तर ती उचलून कोरड्या सावलीत ठेवा, जिन्याखाली वगैरे. या काळात वाफ्यावर उसाच्या पाचटाचा दोन-तीन बोटं थर द्यायला हरकत नाही, माती तापत नाही. वाळवीची सवय असलेलं परडं असेल तर पाचटाऐवजी आंब्याचाच पाला घाला.

होळी झाली की हे आच्छादन बाजूला करा. हे लोक विसरतात. फूल मातीच्या पातळीवर उमलतं, त्यामुळे पाचटाखाली ते फुलून, सुकून जातं आणि आपण म्हणतो यंदा आलंच नाही. इथून पुढे दर चार-पाच दिवसांनी माती दमट होईल इतकंच पाणी, झारीनं. पाइप सोडू नका. मग एखाद्या दिवशी दुपारनंतर पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि वळीव पडतो. सगळ्यात जास्त फुलं मला वळवानंतरच्या दोन-तीन सकाळीच मिळालेली आहेत. वळीव दगा देईल त्या वर्षी झारी आहेच.

पानं यायला लागली की पाणी वाढवा, दोन-तीन दिवसांआड. जूनमध्ये पाऊस लागला की झारी ठेवून द्या. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस उघडीप झाली तरच एखादं पाणी. दसऱ्यानंतर हात आखडता घ्या आणि पानं पिवळी दिसायला लागली की बंद.

फूल आल्यावर

फूल सकाळी उमलतं आणि एकच दिवस टिकतं. उन्हाच्या तडाख्यात संध्याकाळपर्यंत मान टाकतं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या टिशू पेपरसारखं पारदर्शक होऊन मातीला चिकटलेलं असतं. वाईट वाटून घेऊ नका. एका कंदावर एकामागून एक फुलं येत राहतात आणि चार-पाच कंदांचा वाफा असेल तर दोन-तीन आठवडे रोज सकाळी काही ना काही असतंच. सुकलेली फुलं ओढून काढू नका, शेजारची कळी त्याच टोकात दडलेली असते आणि तीही उपटून येते.

देवाला वाहायचं असेल तर नख लावून खालून अलगद तोडा. देठ नसल्यामुळे हारात ओवता येत नाही. उथळ वाटीत पाणी घालून त्यावर सोडलं की दुपारपर्यंत घरभर वास. आमच्याकडं अक्षय्य तृतीयेच्या सकाळी हीच वाटी देवापुढे असते. त्या सकाळी फूल मिळेलच असं नाही, भुईचाफा पंचांग बघून उमलत नाही.

फुलाच्या दिवसांत तिथून कुणाला चालू देऊ नका. कळी मातीच्या रंगाची असते, पायाखाली गेलेली कळतसुद्धा नाही.

पानांचे महिने

फुलं संपली की माणसं बागेकडं पाठ फिरवतात. खरं तर पुढच्या चैत्राचं फूल यंदाच्या पानांतच तयार होत असतं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पान जितकं धष्टपुष्ट, कंदात साठा तितका जास्त. पानाची सुरळी वर आली की प्रत्येक कंदाभोवती ओंजळभर शेणखत, श्रावणात परत एकदा तेवढंच. युरिया अजिबात नको. पानं अशी माजतात की फूल यायचं विसरतात.

दिवाळीच्या साफसफाईत अर्धवट पिवळी पानं कापायचा मोह होतो. नका कापू. पूर्ण सुकून हाताला आपोआप सुटतील तेव्हाच काढा. पाहुण्यांना वाईट दिसतं म्हणत असाल तर पाहुण्यांना पुढच्या अंगणात बसवा.

त्रास फारसा होत नाही. पावसाळ्यात शंखी गोगलगायी कोवळी पानं कुरतडतात. संध्याकाळी वाफ्याजवळ ओलं पोतं पसरून ठेवा, पहाटे त्याच्याखाली गोळा झालेल्या मिळतील, उचलून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीवर टाकू नका. पानाची कड दुमडून आत हिरवी अळी बसलेली दिसली तर मी तिला राहू देते. हळदीच्या कुळावर वाढणाऱ्या एका तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांच्या फुलपाखराची ती असते आणि एक-दोन पानांवर भागवते. हुमणीचं मात्र गंभीर आहे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात, तेव्हाच फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेलच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायचे. एकदा अळी मातीत शिरली की खुरपं घेऊन उकरण्यावाचून गत्यंतर नाही. भर पावसाळ्यात एखादंच रोप अचानक पिवळं पडलं आणि ओढल्यावर बुडातून अलगद निघून आलं, तर ती कंदकुज. तो कंद आणि भोवतीची ओंजळभर माती परड्याबाहेर टाका, खतात नाही, आणि निचरा कुठं तुंबलाय ते शोधा.

कंद औषधी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तुमच्याकडं आहे म्हटल्यावर कुणीतरी उगाळून लावायला मागेलच. ते काम वैद्यांवर सोडा.

वाटून देणं

तीन वर्षांनी वाफा दाटतो आणि फुलं रोडावतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कौलाच्या खुणेपासून वीतभर लांबून खुरपं घाला आणि पूर्ण गड्डा उचला. माती झटका, धुऊ नका. डोळे कुठं आहेत ते बघा, बटाट्याच्या डोळ्यासारखे पण टोकदार. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा आणि दोन-तीन गाठी राहतील असं धारदार सुरीनं कापा. कापलेल्या जागी राख चोळा, दोन-तीन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवा आणि मग लावा.

शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा मागितला तेव्हा मी घाईत त्यांना गाठीच दिल्या होत्या, सुबक, टपोऱ्या. त्यांनी त्या वर्षभर जपल्या आणि अर्थातच काही आलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत डोळ्यासकट दोन तुकडे कागदात गुंडाळून दिले, बाहेर लिहून: 'हे वर. पाणी होळीनंतर.' त्या वर्षी त्यांना नुसती पानंच आली, फूल नाही. नव्यानं कापलेल्या तुकड्याचं पहिल्या वर्षी असं होतं. गेल्या चैत्रात मात्र भिंतीपलीकडून हाक आली, "अगं, बाहेर ये की जरा, वास येतोय का बघ."